देवीसमोरच्या चपला

बढतीच्या मुलाखतीत साहेबीण फ्राऊ लेहमानने छंद विचारला आणि गुरुदत्तच्या तोंडून ‘कला आणि पुरातत्त्व’ निघून गेलं. त्याचा खरा छंद म्हणजे रविवारी भरपेट जेवून ताणून देणं. पण टीम लीडच्या जागेसाठी हे कसं सांगणार? म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइमच्या ऑफिसात तो सहा वर्षं याच जागेवर डोळा ठेवून होता.

“वुंडरबार!” फ्राऊ लेहमान म्हणाली. “मग या रविवारी म्युनिकला प्रदर्शन बघू. घरच्यांनाही आण.”

“भोग आता,” बायको नीता म्हणाली. “गेल्या वेळी म्युझियममध्ये नुसता केक खाऊन आला होतास.”

पुण्याहून आलेल्या सासूबाई, ऊर्मिलाबाई, मात्र खूश झाल्या. त्यांनी ठेवणीतली साडी आणि लक्ष्मी रोडवरच्या नव्या चपला काढल्या.

प्रदर्शनाची कल्पना अशी होती, की प्रत्येक जुन्या मूर्तीसमोर आजच्या काळातलं काहीतरी मांडायचं. रोमन सरदारापुढे टायर होते, इजिप्तच्या मांजरीपुढे मोडकी खुर्ची होती. गुरुदत्त प्रत्येक ठिकाणी हनुवटी धरून “आल्झो... खोल आहे!” म्हणत होता आणि फ्राऊ लेहमान मान डोलवत होती. सगळं कसं झकास चाललं होतं.

शेवटच्या दालनाच्या दारात ऊर्मिलाबाई थबकल्या. आत दगडाची देवी होती, आपल्याकडची. त्यांनी चटकन चपला काढल्या, भिंतीशी ठेवल्या आणि हात जोडले.

“अहो आई, हे म्युझियम आहे!” गुरुदत्त कुजबुजला.

“असू दे हो. देवी देवीच ना? तिच्यापुढे पायताण घालून जाऊ? आणि तुम्ही काय बघता? काढा ते बूट!”

गुरुदत्तला घाम फुटला. कारण फ्राऊ लेहमान विचारत होती, “ही काय पद्धत आहे?”

आता माघार नव्हती. “दगडाचं मौन तळपायांतून ऐकायचं असतं,” तो गंभीरपणे म्हणाला आणि त्याने बूट काढले. मोज्यातून अंगठा बाहेर डोकावला. तोही त्याने कलेत जमा केला.

फ्राऊ लेहमानने डोळे मिटले. “गेनाऊ! अगदी बरोबर!” म्हणत तिनेही आपले महागडे बूट काढून चपलांशेजारी नीट रांगेत लावले.

इथेच घात झाला. जर्मन माणसाला रांग दिसली, की तिच्यामागे नियम असणारच अशी त्याची खात्री असते. मागून आलेल्या जोडप्याने बूट काढले. मग एका शाळामास्तरासारख्या आजोबांनी काढले आणि नीताला दटावलं, “बाई, इथे बूट काढतात. दिसत नाही का?” बघता बघता दाराशी वीस-पंचवीस जोडांची रांग लागली, टाचेला टाच लावून. पुण्यातल्या कुठल्याही देवळाने हेवा करावा अशी!

तेवढ्यात पहारेकऱ्यांची पाळी बदलली. नवा पहारेकरी आला, त्याने देवी पाहिली, समोरची बुटांची रांग पाहिली, आणि आदराने त्या रांगेभोवती दोरी लावली.

देवीला डोळे भरून बघून मंडळी बाहेर येतात, तर लोक बुटांचे फोटो काढतायत. एक तरुणी मैत्रिणीला म्हणत होती, “आणि ही साधी चप्पल सगळ्यात पुढे, बघ ना! किती बोलतेय!”

“ते बूट माझे आहेत,” फ्राऊ लेहमान म्हणाली.

“कलाकृतीला हात लावायचा नाही,” पहारेकरी म्हणाला.

“अहो, पण माझ्या पायांत बूट नाहीत!”

“काल एकजण ती मोडकी खुर्ची आपली आहे म्हणत होता. वस्तू हलवायची तर विभागप्रमुख लागतात. उद्या सोमवार, म्युझियम बंद. मंगळवारी या.”

गुरुदत्तला वाटलं, आता ही आकाशपाताळ एक करणार आणि आपली बढती गेलीच. पण नियम ऐकताच फ्राऊ लेहमान निवळली. “बरं, मग मंगळवारी,” ती म्हणाली आणि मोज्यांनिशी स्टेशनाकडे चालू लागली. सगळी वरात तिच्यामागे.

एस-बानच्या लोकलमध्ये गुरुदत्त डोकं धरून बसला. ऊर्मिलाबाई मात्र प्रसन्न होत्या. “देवळातून चपला गेल्या ना, की पीडा टळते. बघा तुम्ही, उद्या तुमचं काम होतंय.”

आणि झालंही! सोमवारी फ्राऊ लेहमानने भर मीटिंगमध्ये टीम लीड म्हणून गुरुदत्तचं नाव जाहीर केलं. टाळ्या वाजल्या. त्याने मनातल्या मनात सासूबाईंना साष्टांग नमस्कार घातला.

मंगळवारी संध्याकाळी तो घरी आला तो तोंड पाडून, हातात कागदी पिशवी घेऊन. नीताने पेढे तयारच ठेवले होते.

“काय रे, शब्द फिरवला का तिने?”

“नाही, पक्कं झालं. पण आता दर रविवारी अख्ख्या टीमला म्युझियममध्ये न्यायचं. मी समजावून सांगायचं. अनवाणी. थंडीतसुद्धा.” त्याच्या डोळ्यांपुढून जन्मभराच्या दुपारच्या झोपा निघून चालल्या होत्या. “म्हणते, मोकळ्या रविवारी तू नाहीतरी दुसरं काय करतोस?”

“आणि पिशवीत काय?” ऊर्मिलाबाईंनी विचारलं.

“तुमच्या चपला, आई. लेहमानबाई स्वतः जाऊन सोडवून घेऊन आली.”

ऊर्मिलाबाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

“अहो, घेतल्यात कशाला परत!”