बिनतारी घंटीचं रहस्य

पोलिसांना जे दिसत नाही ते हौशीरामांना दिसे. आणि जे सगळ्या लोणावळ्याला दिसे ते मात्र त्यांच्या नजरेतून हमखास सुटे. रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या कचेरीत तीस वर्षं छत्र्या सांभाळून निवृत्त झालेला हा माणूस स्वतःला ‘मावळातला एकमेव खाजगी गुप्तहेर’ म्हणवी. एकमेव होते, हे मात्र खरं.

त्यांच्या पत्नीचा, मुक्ताबाईंचा, चातुर्मासाचा नेम होता: दारी आलेल्या एकाला तरी जेवू घातल्याशिवाय आपण जेवायचं नाही. घर डोंगरातून बाजाराला उतरणाऱ्या पायवाटेवर, त्यामुळे माणसांना तोटा नव्हता. पण पत्र्यावरच्या पावसात दारातली हाक स्वयंपाकघरात पोचेना. गावात नुकतीच वीज आली होती. दुकानदाराने विजेची घंटी दाखवली.

“छे! तार कापली की चोर आत,” हौशीराम म्हणाले. “घंटी बिनतारीच हवी.”

आणि त्यांनी एक पितळी घंटा आणून सुतळीने दाराबाहेर टांगली.

दुसऱ्या दिवसापासून घंटा खणखणू लागली. मुक्ताबाईंनी पदराला हात पुसत दार उघडावं, तर बाहेर कोणी नाही! उंबऱ्यावर फक्त झेंडूचं एक फूल. असे तीन दिवस गेले. वाढलेलं ताट तसंच राही आणि मुक्ताबाई घोटभर दुधावर निजत.

हौशीरामांनी भिंग काढलं. “टोळी आहे. घरात कोणी आहे का, याचा अंदाज घेतेय.”

“आणि फूल?”

“इंग्रजीतलं फूल! आपल्याला मूर्ख म्हणतायत.”

“चोर इतका शिकलेला?”

हौशीरामांनी भिंग दुसऱ्या डोळ्याला लावलं. “मुक्ता, लग्नाआधी तुला कुणी...”

“अहो, मी दहा वर्षांची असताना आले तुमच्या घरी.”

तीही दिशा बंद झाली.

चौथ्या दिवशी हौशीराम इरलं पांघरून परसात दबा धरून बसले. पुढची घंटा वाजवणारा चोर मागून येणार, हे ओळखायला डोकं लागतं. मागून एक म्हैस आली.

इकडे मुक्ताबाई भोवळ येते म्हणून पुढच्या दारालाच टेकून बसल्या होत्या. घंटा वाजली. त्यांनी बसल्याजागी कडी काढली. बाहेर गवताचा भारा उतरवून, डोळे मिटून, एक बाई हात जोडून उभी होती. वरच्या वाडीतली येसूबाई.

“मावशी, कोण हवंय?”

“कोन न्हाई, बाय. देवाच्या पाया पडते न् जाते.”

“कुठल्या देवाच्या?”

“देऊळच न्हवं ह्ये? घंटा हाय, रांगोळी हाय, आतनं उदबत्तीचा वास येतोय. वाडीतली समदीच फूल वाहून, हात जोडून जात्यात.”

एवढ्यात चिखलाने माखलेले हौशीराम धावत आले. येसूबाईने त्यांना खालीवर न्याहाळलं. “ह्ये पुजारी व्हय? आंघूळ करा की वो!”

येसूबाईला पाटावर बसवून पोटभर वाढलं गेलं. हौशीरामांनी हात झटकले. “मला संशय होताच. उपाय सोपा आहे. पाटी लावू: ‘येथे देव नाही’.”

मुक्ताबाईंच्या हातातली पळी थांबली. “आपल्या दारावर?” त्या हळूच म्हणाल्या.

“मग ‘येथे गुप्तहेर राहतो’ असं लिहू.”

“आसं लिवलं तर वाडीतलं कुत्रंबी फिरकायचं न्हाई, भाऊ,” येसूबाई हात धुता धुता म्हणाली.

“त्या विजेच्या घंटीची वायर ओढून घ्या,” मुक्ताबाई म्हणाल्या, आणि तीन दिवसांनंतर भाताचा पहिला घास त्यांनी तोंडात घातला.