येतो, ओव्हर

दिनूकाकांचं बोलणं संपलं की नाही, हे ओळखायला फार अक्कल लागत नसे. संपलं की ते ‘ओव्हर’ म्हणत. त्याआधी कोणी तोंड उघडलं तर हात वर करून थांबवत. “चहात साखर कमी आहे. ओव्हर.” नव्या पाहुण्याला हे ठाऊक नसे. तो बिचारा मधेच बोलायला जाई, हात वर होई आणि तो गप्प बसे. कधी काकाच ओव्हर म्हणायला विसरत. मग ब्रह्मा घाटावरच्या त्यांच्या बैठकीत दोघं एकमेकांकडे बघत नुसते बसून राहत.

मी बँकेच्या बदलीवर बनारसला आलो आणि त्यांचा भाडेकरू झालो. मोबाईल यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. काका रेल्वेच्या तारखात्यातून निवृत्त झालेले, अविवाहित, आणि कित्येक पिढ्या काशीत राहून मराठी टिकवलेल्या घराण्यातले. टिकवलेली मराठी म्हणजे अशी: “परेशान होऊ नका, बाल्टी भरून ठेवा, नळ दुपारी बंद होऊन जातो. ओव्हर.” माझी बायको सुमन साताऱ्याची. ती पहिला महिनाभर तोंडाला पदर लावून हसत होती.

ओव्हरचं मूळ त्यांच्या डब्यात होतं. गंगा दर पावसाळ्यात चढते. एखाद्या वर्षी ती घाट सोडून गल्ल्यांत शिरते आणि सगळ्यात आधी टेलिफोन मरतो. काकांनी त्यावर इलाज काढला होता. भंगारातले स्पीकर आणून त्यांनी लाकडी डबे बनवले होते. डब्याला एक बटण. दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. एका वेळी एकालाच बोलता येई, म्हणून बोलणं झालं की ओव्हर. वीज गेली तर मोटारीची बॅटरी तयार. तारा गल्लीतून नेल्या तर बुडतील, म्हणून गच्च्यांवरून नेलेल्या. एक डबा बंगाली डॉक्टरांकडे, एक लल्लन मल्लाह या नावाड्याच्या घरी, एक वेदपाठशाळेत, एक खाली संकठा घाटाशी राहणाऱ्या ताईंकडे. आता गच्च्या काही काकांच्या बापाच्या नव्हत्या. कोणाला पतंगाची अडचण, कोणाला वाटे तारेवरून वीज घरात येईल. काकांनी घरोघरचे जिने चढून एकेकाला पटवलं, तेव्हा कुठे गंगेत घोडं न्हालं. काका स्वतः मात्र गंगेत कधी न्हात नसत. बनारसचा माणूस, पण नावेत पाऊल ठेवत नसे. आंघोळ घरी, बालदीने.

आणि ते यंत्र तरी धड चालावं! डब्यातून कधी रेडिओवरचा शेतीचा कार्यक्रम ऐकू येई. तारेला माकडं लोंबकळत. काका गच्चीत उभे राहून त्यांना समजावत, “हे तुमच्याही फायद्याचं आहे. ओव्हर.” सुमन त्याच तारेवर साड्या वाळत घाली. त्यावरून दोघांची वर्षभर धुसफूस चाले.

ताई म्हणजे काकांच्या थोरल्या बहीण. विधवा, एकट्या, हट्टी. समोरासमोर ही भावंडं फारसं बोलत नसत. भाऊबीजेला ताई ओवाळत, काका ओवाळून घेत, आणि जिलबी कशी झाली आहे याच्यापलीकडे विषय जात नसे. डब्यावर मात्र रोज सकाळी. “ताई, पाणी कुठे आहे? ओव्हर.” “पाणी जिथल्या तिथे आहे, माझा गुडघा सांगू का? ओव्हर.” मग गुडघा, शेजारीण, वांग्याचा भाव. शेवटी काका म्हणत, “येतो. ओव्हर.”

मी एकदा विचारलं, की वायरलेसवर शेवटी ‘आऊट’ म्हणायचं असतं ना?

“तो शब्द आपल्यात नाही. निघताना माणूस काय म्हणतो? येतो म्हणतो. ओव्हर.”

मग ते वर्ष आलं. गंगा रात्रीतून गल्लीत शिरली. टेलिफोन गेले, वीज गेली, आणि ज्या डब्याला आम्ही हसत होतो तो बोलायला लागला. पाठशाळेतून निरोप आला की मुलं वरच्या मजल्यावर आहेत, खायला काही नाही. डॉक्टर म्हणाले, औषधं माझ्याकडे आहेत, न्यायला कोणी आहे का? लल्लनच्या घरून त्याची बायको सांगे, कुठली नाव कुठे गेली. ज्यांनी तारेवरून भांडणं केली त्याच घरांत आता पुऱ्या लाटल्या जात होत्या आणि टोपल्या दोरीने नावेत उतरत होत्या. काका तिसऱ्या मजल्यावर बटणाशी बसून सगळ्यांना कामाला लावत होते. मी गमतीने म्हटलं, हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. ते हसले नाहीत. त्यांचं लक्ष ताईंच्या निरोपाकडे होतं.

ताईंचा जिना बुडत चालला होता. घर जुनं, भिंती ओल धरलेल्या. आदल्या दिवसापर्यंत त्या निघायला तयार नव्हत्या. सकाळी एकदाच्या हो म्हणाल्या. काका म्हणाले, “नाव पाठवतो, गठुडं बांधून ठेव. येतो. ओव्हर.” त्यानंतर ताईंचा डबा बंद पडला. तार तुटली की बॅटरी भिजली, कळायला मार्ग नव्हता.

थोड्या वेळाने लल्लन आमच्या खिडकीखाली रिकामी नाव घेऊन आला.

“माताजी नाव पर ना बैठत हईं. कहत हईं, दीनू बोलल हौ येतो, त दीनू आई तबै चलब.” म्हणजे दिनू स्वतः येईल तेव्हाच ताई निघणार.

काकांनी बटणावरचा हात काढला. मी म्हटलं, तुम्ही निरोपाचं येतो म्हणालात, तसं लल्लनकडून कळवू या. काका हळूच म्हणाले, “तिला येतो म्हटलंय. ओव्हर.”

आणि उठले. बटणाशी कोण बसणार, असा प्रश्न पडायच्या आत सुमनने पदर खोचला आणि जागा घेतली. “पाठशाळा, बोला. ओव्हर,” हे तिचे शब्द ऐकतच आम्ही जिना उतरलो.

नावेत काका मधोमध बसले. डोळे घट्ट मिटलेले, एक हात माझ्या मनगटावर. गल्लीत दोन्ही बाजूंनी भिंती जवळ, आणि खाली कुठे पायरी, कुठे दुकानाची फळी, काही दिसत नव्हतं. नाव डुगडुगली की त्यांची पकड आवळे. एका वळणावर ते डोळे न उघडता बोलायला लागले.

“बाबा नावेतून रामनगरला निघाले, त्या दिवशी घाईत जातो म्हणाले. ताई दारातून ओरडली, बाबा, येतो म्हणा. ते नुसते हसले. ती अजून म्हणते, मी पुन्हा ओरडायला हवं होतं. ओव्हर.”

आता माझी पाळी होती. मी माझा दुसरा हात त्यांच्या हातावर ठेवला.

ताई वरच्या खिडकीत बसल्या होत्या. शेजारी गठुडं. काकांनी डोळे उघडले आणि चक्क नावेत उभे राहिले. लल्लनने त्यांची कंबर धरली. त्यांनी दोन्ही हात वर केले.

ताई म्हणाल्या, “किती उशीर, दिनू. चहा दोनदा गरम केला.”

बाकी काही बोलणं झालं नाही. आधी गठुडं, मग चहाचं भांडं, मग ताई, असं सगळं खाली उतरलं. घरी येईपर्यंत काकांनी त्यांचा पदर मुठीत धरला होता.

पाणी ओसरलं, पण ताई परत गेल्या नाहीत. काकांनी त्यांना शेजारची खोली दिली आणि दुसऱ्याच दिवशी मधल्या भिंतीला भोक पाडून तार ओवली. सुमन पुन्हा तोंडाला पदर लावून हसली. रोज सकाळी भिंतीच्या इकडून प्रश्न, तिकडून गुडघा. शेवटी “येतो. ओव्हर,” आणि मग काका खरोखरच उठून पलीकडे चहाला जात.

काही वर्षांनी, थंडीत, ताई गेल्या. फार आजारीही नव्हत्या. घाटावर डॉक्टर आले, लल्लन आला, पाठशाळेतले गुरुजी आले. ज्यांच्या गच्चीवरून तार गेली होती ते बहुतेक सगळे आले. सगळं उरकल्यावर, मागे वळून बघायचं नसतं म्हणून, आम्ही पाठ फिरवली. काका मात्र नदीकडे तोंड करून उभे होते.

“ताई, येतो,” ते म्हणाले.

आम्ही थांबलो. पण पुढे त्यांनी ओव्हर म्हटलं नाही. मग पायऱ्या चढून घरी पोचेपर्यंत आमच्यातलं कोणीही बोललं नाही.