आधी गेज तपासा

संगणकाच्या डब्याचं झाकण उघडण्याआधी हिरामणरावांनी स्क्रू ठेवायला वाटी मागवली, हात धुतले आणि मुलीला गॅलरीत जायला सांगितलं.

"पप्पा, मी बघितलं तर काय बिघडणारे?" दिशाने विचारलं.

"बिघडणार काही नाही. पण मग तू गाडी डोळ्यांनी चालवतेस की खोक्यावरच्या आकड्याने, ते मला कळणार नाही."

हिरामणराव ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी खात्यात होते. त्यांचा शिक्का बसल्याशिवाय साधा बोल्टसुद्धा पुढे जात नसे. ती सवय इंदिरानगरच्या घरातही आली होती. बायकोने, ललिताबाईंनी, आणलेली साडी पाच मीटर भरते की साडेपाच, हे आधी टेपने ठरे. रंगाचं कौतुक नंतर.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार तीन साली, दिशा नववीत विज्ञानात पहिली आली आणि कबूल केलेलं ग्राफिक्स कार्ड घ्यायची वेळ आली. कॅनडा कॉर्नरच्या चौकात ललिताबाईंचा मावसभाऊ धनराज याचं दुकान होतं. त्याने काउंटरवर दोन खोकी ठेवली.

"दाजी, किंमत दोन्हींची एकच. ह्याच्यात मेमरी एकशे अठ्ठावीस एमबी, त्याच्यात चौसष्ट. लोक डोळे झाकून एकशे अठ्ठावीस नेतात. तुम्ही काही तसं नेणार नाही. घेऊन जा दोन्ही, सोमवारी एक परत आणा."

दिशाचं मन तिथल्या तिथे ठरलं होतं. खरं तर आठवडाभर आधीच ठरलं होतं. शेजारच्या गोरक्षकडे चौसष्टचं कार्ड होतं आणि तो त्याचा फार तोरा मिरवायचा. "तुझं काय घेऊन बसलास, माझं एकशे अठ्ठावीस येतंय," असं दिशाने त्याला आख्ख्या क्रिकेटच्या टीमसमोर सांगून टाकलं होतं. आता चौसष्ट घरात राहिलं, तर सुट्टीभर गॅलरीत उभं राहायची सोय उरणार नव्हती.

चाचणी साधी होती. गाड्यांच्या शर्यतीचा खेळ, तोच रस्ता, तीन फेऱ्या. दिशाने चालवायचं, हिरामणरावांनी वेळ आणि धडका मोजायच्या. संगणक सुरू होताना पडद्यावर कार्डाचं नाव दिसतं, म्हणून तेवढा वेळ मॉनिटरवर पंचा टाकला होता.

"अहो, त्याला सर्दी झालीय का?" ललिताबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

पण दिशानेही विज्ञानात पहिला नंबर उगाच काढला नव्हता. चौसष्टच्या कार्डावर छोटा पंखा होता आणि एकशे अठ्ठावीसवर नुसतीच पत्र्याची जाळी, हे तिने दुकानातच पाहून ठेवलं होतं. पहिल्या फेरीला बसताच तिने कान दिला. बारीक घूंऽऽ असा आवाज येत होता. पंखा! म्हणजे चौसष्ट.

दिशाने गाडी पहिल्या वळणावर भिंतीला घातली. मग झाडाला. मग परत त्याच झाडाला.

"सात धडका," हिरामणरावांनी वहीत लिहिलं. "बाहेर जा."

दुसऱ्या फेरीला तो आवाज नव्हता. दिशा ताठ बसली. वळणावर चित्र जरा अडखळत होतं, पण तिने दात-ओठ खाऊन गाडी सांभाळली.

"शून्य धडका. बाहेर."

तिसऱ्या फेरीला पुन्हा घूंऽऽ. गाडी पुन्हा झाडावर.

"सहा," हिरामणराव म्हणाले आणि पेनाचं टोपण लावलं.

"बघा पप्पा! मधलं कार्ड चांगलं. तेच ठेवू या."

"मधलं कोणतं? तिन्ही वेळा एकच कार्ड होतं."

दिशाचा हात माउसवरच राहिला. "मग... मग तुम्ही झाकण कशाला उघडत होता?"

"उघडायचो, वाटीतले स्क्रू मोजायचो आणि परत लावायचो. आमच्याकडे माल मोजण्याआधी गेज, म्हणजे मोजायचं साधन, तपासतात. एकच वस्तू तीनदा मोजायची. तिन्ही वेळा सारखं माप आलं, तर गेज बरोबर. इथे गेज तू होतीस." त्यांनी वही तिच्यासमोर धरली. "सात, शून्य, सहा."

तेवढ्यात ललिताबाई हात पुसत आल्या. "मधे तो एक्झॉस्ट फॅन मी बंद केला होता हं. म्हटलं, तुमच्या परीक्षेत त्याची घरघर नको. पण मिरच्या तळायच्या राहिल्या होत्या, मग लावला परत."

दिशाने आईकडे पाहिलं, मग भिंतीपलीकडच्या घूंऽऽकडे कान दिला आणि सगळं कबूल करून टाकलं.

हिरामणराव रागावले नाहीत. "कान चांगले आहेत तुझे," एवढंच म्हणाले. मग बायकोला सांगितलं, "आता तो फॅन संध्याकाळपर्यंत चालूच ठेव."

दोन्ही कार्डांच्या तीन-तीन फेऱ्या झाल्या. या वेळी दिशाने मनापासून चालवलं. पडद्याच्या कोपऱ्यात, एका सेकंदात किती चित्रं काढली जातात तो आकडा होता. एका कार्डावर तो तेविसाच्या आसपास अडखळे, दुसऱ्यावर चाळिशी ओलांडे. झाकण उघडल्यावर चाळिशीवाल्या कार्डावर छोटा पंखा फिरताना दिसला.

"पण मेमरी तर निम्मी आहे!"

"गच्चीवर मोठी टाकी बसवली आणि नळ करंगळीएवढा लावला, तर बादली कधी भरेल? ह्या मोठ्या मेमरीचा नळ, म्हणजे माहिती वाहायची वाट, बारीक आहे. खोक्याच्या मागे बारीक अक्षरात लिहिलंय, वाच."

दिशाने वाचलं. लिहिलं होतं खरं.

सोमवारी बापलेक एकशे अठ्ठावीसचं खोकं घेऊन दुकानात गेले. काउंटरवर गोरक्ष वडिलांबरोबर उभा होता. खोकं पाहून त्याचे डोळे चमकले.

"मामा, हेच! हिच्याकडे आहे तेच द्या. माझं चौसष्ट परत घ्या."

धनराज खूश झाला. दिशाने एकदा वडिलांकडे पाहिलं. ते छताच्या पंख्याकडे बघत होते. नुसतं "हो" म्हटलं असतं, तर सुट्टी सुखात गेली असती.

"गोरक्ष, मी चौसष्ट ठेवलंय," ती म्हणाली. "हे परत करायला आणलंय."

"हॅ! पप्पांनी घेऊन दिलं नाही वाटतं?"

"तसं समज. पण विकत घ्यायच्या आधी संध्याकाळी आमच्याकडे ये. गाडी तू चालव. कुठलं कार्ड लावलंय, ते मी नाही सांगणार."

गोरक्षच्या वडिलांनी पैसे द्यायला पुढे केलेला हात मागे घेतला. "बरोबर आहे की. बघून घेऊ. धनराजशेठ, माझ्या धाकट्या भावालाही घ्यायचंय, त्यालाही आणतो संध्याकाळी."

धनराजने खोकं संध्याकाळच्या चाचणीसाठी हळूच दिशाच्या हातात परत दिलं आणि हिरामणरावांकडे वळला.

"दाजी, एक विचारू? ह्या पोरीला कारखान्यात चिकटवायला किती वर्षं लागतील? लवकर बघा. इथे मला दुकान चालवायचंय."