आधी स्वतःच्या करंगळीला

दुसऱ्याच्या बोटाला सुई लावण्याआधी पुंडलिकराव बोंडे स्वतःच्या करंगळीला टोचून दाखवत. त्यासाठी त्यांची वेगळी सुई होती, कोटाच्या कॉलरला खोचलेली. ती दुसऱ्या कुणालाही त्यांनी कधी लागू दिली नाही.

अमरावतीच्या आमच्या हिवतापाच्या ऑफिसातून ते गावोगाव फिरत आणि तापकऱ्यांच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन येत. मी तिथला कारकून. त्या काचपट्ट्यांचे नंबर रजिस्टरात चढवणे हे माझे काम. सुई पाहिली की गावकरी वावराकडे पळत. मग बोंडेभाऊ पारावर उभे राहून डावी करंगळी उंच धरत आणि कचकन टोचून घेत.

“पाहा जी. मुंगी चावली त बोंबलता तुमी. हे त मुंगीची लहान बहीण हाय.”

चेहऱ्यावरची रेष हलत नसे. नव्या साहेबांनी एकदा विचारले, काचपट्ट्या इतक्या कमी का? भाऊंनी तिथेच करंगळी टोचून थेंब त्यांच्या टीपकागदावर ठेवला. “साहेब, रक्त लोकायच्या अंगात हाय. माह्याजवळ एवढंच हाय.” साहेबांनी टीपकागद बदलला. भाऊंची बढती तेव्हापासून अडली ती अडलीच.

दुसरे वेड भविष्याचे. कुणाच्याही घरी गेले की “आना, हात पाहू.” तळहात क्षणभर पाहत, हाताची मागची बाजू, कोपर आणि कानाच्या पाळ्या मात्र बराच वेळ. मी म्हणालो, “भाऊ, भविष्य कानावर कुठून आलं?”

“तळहातावर देव लिहिते, बावा. खाडाखोड मांगच्या बाजूले असते.”

माझ्या लेकीला, नलूला, त्यांनी सांगितले होते, “तुह्या घरी दोन म्हशी अन् एक मास्तर राहीन. मास्तर दूध काढीन.” ती दर महिन्याला हात पुढे करून मास्तरची चौकशी करी.

आणि तिसरे वेड जोडीचे. त्यांचे म्हणणे असे की रोग एकटा राहत नाही. “एका घरात दोन भाडेकरू राह्यतात का नाई? मंग एका अंगात दोन रोग काहून राहणार नाई?” ताप आला की महारोग्याचे चट्टे पेटतात, हे त्यांनी चांदूर बाजारपासून शेंदूरजनाघाटापर्यंत पाहिले होते. तापाची यादी आमच्या कपाटात, महारोगाची पलीकडच्या खोलीत. दोन्हींत सापडणारी नावे त्यांना हवी होती. साहेब म्हणाले, “आपलं खातं रक्ताचं. कातडीचं खातं वेगळं.” मग ते माझ्याकडे आले. “तायडेबाबू, दोन रजिस्टरं एका टेबलावर ठेवा. एवढंच म्हणून राहिलो मी.”

मी म्हणालो, तसा नियम नाही. खरे तर असा नियम आहे की नाही, हे मी पाहिलेही नव्हते. मला राग होता, आणि तो कपाचा होता.

बोंडेभाऊ आमच्या घरी येत तेव्हा पिशवीतून स्वतःचा जर्मन धातूचा कप काढत. माझी बायको चहाची किटली घेऊन आली की कप लांब धरत. “वहिनी, वरूनच टाका.” प्यायले की स्वतः अंगणात जाऊन विसळत आणि पुन्हा पिशवीत टाकत.

वरून टाकलेले पाणी मी ओंजळीने प्यायलो आहे. माझ्या वडिलांनीही. धम्म घेऊन चार-पाच वर्षे झाली होती, घरात कपबशा आल्या होत्या, आणि हा काळ्या जमिनीचा मालक माझ्याच ओसरीवर बसून मला जुने दिवस दाखवत होता. बायको म्हणाली, “असू द्या. येते त खरं माणूस.” मी असू दिले नाही. एके दिवशी तिने किटली आणली तेव्हा मी म्हणालो, “भाऊ, आमच्या कपानं बाटता, त आमच्या घरी येता काहून?”

त्यांनी रिकामा कप पिशवीत टाकला. नलूने हात पुढे केला होता. तो त्यांनी पाहिला नाही.

त्यानंतर ऑफिसात आम्ही नंबरापुरते बोलत असू. एकदा साहेबांनी मला त्यांच्याबरोबर शेंदूरजनाघाटला पाठवले. संत्र्याच्या बागेत बायका फळे भरत होत्या. एका म्हातारीने भाऊंच्या हातातली सुई घेतली. “तू सोताले हळूच टोचते. आन, मी टोचतो.” तिने ती करंगळीत चांगली खोल घातली. भाऊ तिच्या शेजारच्या बाईशी बोलत होते, ते बोलतच राहिले. म्हातारी म्हणाली, “याच्या अंगात जीव हाय का नाई वो?” बायका हसल्या. मग भाऊंनी बोटाकडे पाहिले, तेही हसले, आणि हात खिशात घातला. माणूस नाटकी आहे, असे माझे मत पक्के झाले.

दर महिन्याला ते दोन दिवस अकोल्याला जात. “बायको रुसून बसली हाय. समजूत काढाले जातो.” ऑफिसात त्यावर विनोद चालत. एका पावसाळ्याच्या शेवटी ते समजूत काढायला गेले आणि परत आले नाहीत. भाऊ वारल्याची तार आली.

महिन्याभराने त्यांची बायको ऑफिसात आली. रुसणारी बाई नव्हती. तिने एक वही माझ्या टेबलावर ठेवली. “ऑफिसची हाय म्हने. तायडेबाबूलेच द्या म्हणत होते.”

भाऊंना काय झाले होते, ते तिनेच सांगितले. महारोग, सात वर्षांचा. औषध अकोल्याला, म्हणजे अमरावतीत कळू नये. शेवटी पुन्हा हिवताप झाला आणि चट्टे पेटले. “तापाच्या दवाखान्यानं ताप पाह्यला, कातडीच्यानं कातडी. दोघंही म्हणे, तिकडं दाखवा. आठ दिवस आमी रस्त्यातच होतो.”

मी कपाबद्दल विचारले. विचारायला नको होते.

“कपानं लागत नाई, असं डॉक्टर सांगत. यांचा जीव मानत नव्हता. मलेबी वेगळा कप होता.”

ती गेल्यावर मी वही उघडली. जोड्यांची यादी होती, गावांप्रमाणे. पहिल्या ओळीत गाव अमरावती, नावाच्या जागी फक्त ‘मी’.

शेवटच्या पानावर माझे घर होते. माझे नाव, बायकोचे, नलूचे. पुढे महिन्यांचे रकाने आखलेले. हात साफ, कोपर साफ, कान साफ. तीन वर्षे, एकही महिना न चुकता.

मग मी कपावरून बोललो तो महिना येतो. तिथून पुढचे रकानेही त्यांनी पट्टीने आखून ठेवले आहेत, पान संपेपर्यंत. ते सगळे कोरे आहेत.