हट नंबर सातमधली बायजाबाई

मी चैतन्य नातू. सौदीतल्या तबूकच्या डोंगरातल्या आमच्या साइटवर सगळे मला स्टोअरकीपर समजतात. नट-बोल्ट मी केवळ पोटासाठी सांभाळतो. पिंडाने मी गुप्तहेर. नजर घारीची, कान सशाचे, नाक... नाकाला सध्या सर्दी आहे. आजवर अकरा प्रकरणं हातात घेतली. त्यांतली दोन आपोआप सुटली, उरलेली नऊ अजून हातातच आहेत.

तर बारावं प्रकरण. इथे स्कीइंगवाल्यांसाठी लाकडी हट बांधतोय. हट तयार आहेत, बर्फ यायचा आहे. त्यातल्या हट नंबर सातला अख्खी साइट 'बायजाबाई' म्हणते. का, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं आणि कुणाचं अडलंही नव्हतं. अडलं ते सुरेशसाहेबांचं.

सुरेशसाहेब आमचे इंजिनिअर, नाशिकचे. सुनेत्रावहिनी आणि मुलगी इरा रियाधला, अल मलाझमध्ये. सोमवारी वहिनींनी साइटवर फोन केला. इलेक्ट्रिशियन कुमारने उचलला आणि निष्पापपणे सांगून टाकलं, "साहब बायजाबाई के पास बैठे हैं, मैडम. उधर हीटर है ना."

"अगं, ती हट आहे!" साहेबांनी नंतर लाख सांगितलं.

"हटला बाईचं नाव कोण ठेवतं? आणि का?"

वहिनींनी स्वतःची आणि इराची, शुक्रवारची भारताची दोन तिकिटं काढली, फक्त जायची.

"चैतन्य, माझा संसार तुझ्या हातात आहे," साहेब म्हणाले. बिचाऱ्यांना माझ्या हातातल्या बाकीच्या नऊ गोष्टी ठाऊक नव्हत्या.

मी हट सातच्या मागच्या खिडकीखाली ठाण मांडलं. पहिल्याच दिवशी पायरीवर नाजूक चपला दिसल्या, नंबर सहा. म्हणजे बाई आहेच! मी झडप घातली. पाय कुमारचे निघाले. दुसऱ्या दिवशी, सर्दी असूनही, मालवणी मसाल्याचा वास आला. निष्कर्ष: बायजाबाई कोकणातली असून फरार आहे. तिसऱ्या दिवशी डिझेलवाला ड्रायव्हर अरीब वॉकीटॉकीवर तिचं नाव घेताना रंगेहाथ सापडला.

"सच बोलो, बायजाबाई कौन?"

"भाई, तेरे सामने तो खड़ी है. डीजल उतारने दे, खलास."

मुरलेला गुन्हेगार असाच बोलतो, असं मी वहीत नोंदवलं.

गुरुवारी दुपारी वहिनी स्वतःच आल्या. विमानाने तबूक, पुढे टॅक्सी. गेटवर त्यांना अडवायची कुणाची छाती झाली नाही, त्या थेट हट सातच्या मागे, माझ्या खिडकीपाशी आल्या.

"कुठंय ती?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झालो. "वहिनी, तपास सध्या नाजूक टप्प्यावर..."

"तुम्ही आधी बाजूला व्हा."

मी झालो. माझ्या पाठीमागे फुटक्या काचेच्या जागी खोक्याचा पुठ्ठा ठोकला होता. त्यावर मार्करने वीतभर अक्षरांत लिहिलं होतं: बायजाबाई. तीन दिवस मी त्यालाच टेकून टिपणं काढत होतो.

"हे कुणी ठोकलं?"

छपरावरून सुतार दत्ताराम उतरला. कणकवलीचा. त्याला मी काही विचारलं नव्हतं. तो कायम छपरावर, आणि मला उंचीची भीती.

"मिया ठोकलंय," तो ओशाळून म्हणाला. "माझ्या आवशीचा नाव ता. विमानात खोको चुकाक नये म्हणान सगळे त्येच्यार नाव लिवतत. पण घरकारीण माझा नाव घेणा नाय, लिवणा पण नाय. तिणा लिवल्यान, 'बायजाबाईचो झील, सौदी'."

आवस म्हणजे आई, घरकारीण म्हणजे बायको आणि झील म्हणजे मुलगा. तो बिचारा 'चो' आणि 'सौदी'सकट खिडकीच्या चौकटीखाली दबला होता.

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?" साहेब ओरडले.

"कोणी इचारल्यानच नाय." दत्तारामने पुठ्ठ्यावरची धूळ पुसली. "मसालो संपलो, पण आवशीचा नाव टाकूक मन होयना."

वहिनींचे डोळे भरून आले. माझेही आले, सर्दी होतीच.

"प्रकरण मिटलं!" मी जाहीर केलं.

"तिकिटं रद्द करते," वहिनी म्हणाल्या आणि साहेबांकडे वळल्या. "पण लग्नाच्या अकरा वर्षांत तुम्ही माझं नाव कशावर लिहिलंत, ते दाखवा."

साहेबांनी उगीचच खिसे चाचपले.

संध्याकाळी हट नंबर आठची धडधाकट काच फुटली आणि तिच्या जागी पुठ्ठ्यावर 'सुनेत्रा' झळकलं. काच कुणी फोडली, हे शोधण्याचं काम साहेबांनी मोठ्या विश्वासाने माझ्यावरच सोपवलं आहे. माझा संशय अरीबवर आहे.