डोमाजींचं गलेज

डोमाजींच्या फेट्यात कोंबडीची दोन पांढरी पिसं खोचलेली असत. हिंगणघाट स्टेशनच्या पार्सल ऑफिसात मी नवा रुजू झालो, त्याच दिवशी हा उंच, वाळका, पन्नाशीचा माणूस खिडकीशी येऊन उभा राहिला. अंगात स्वच्छ पांढरा कोट, पायांत काही नाही आणि डोक्यावर ती पिसं. मला वाटलं, गावात नाटक कंपनी उतरली असावी आणि हा तिच्यातला प्रधान असावा.

"बाबूजी, तुमी कोकणातले म्हणे," ते म्हणाले.

"हो. मालवणकडचा."

"मंग सामन पाह्यला असन तुमी."

"कोण सामन?"

"मासा जी. समुद्राचा. एवढा लांब, चांदीवानी, आतून गुलाबी झाक मारते."

त्यांनी हातांनी माप दाखवलं, शेपटीचा आकार हवेत काढला, तोंड कसं असतं ते स्वतःचं तोंड तसं करून दाखवलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "अहो, तो रावस," मी म्हटलं.

"असन. आमची मेमसाब सामन म्हणे."

अशी आमची ओळख झाली. डोमाजी डाक बंगल्यावर खानसामा होते. त्याआधी जिनिंग फॅक्टरीतल्या एका गोऱ्या इंजिनियरकडे त्यांनी पंधरा वर्षं स्वयंपाक केला होता. त्या काळी मुंबईहून बर्फात घातलेली मासळी मेलने वर्ध्याला येई आणि तिथून गाडी बदलून हिंगणघाटला. मेमसाब त्या रावसाला सामन म्हणायची आणि त्यावर संत्र्याचा मुरंबा, डब्यातली मोहरीची पूड आणि व्हिनेगर यांचा पाक लावायला सांगायची. त्या पाकाला ती जे काही म्हणायची, ते डोमाजींच्या कानांनी 'गलेज' असं टिपून ठेवलं होतं. पुढे साहेब आपल्या देशी गेला. डोमाजींकडे राहिला तो एक पितळी चिमटा आणि हे गलेज.

स्टेशनामागच्या ज्या ओळीत मला खोली मिळाली, तिथेच शेजारची खोली त्यांची होती. ते एकटेच राहात. बायको कुठे असते, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "माहेरी गेली हाय." ती सात वर्षं माहेरी गेलेली होती. दर रविवारी सकाळच्या पॅसिंजरने डोमाजी पितळेचा डबा घेऊन वर्ध्याला जात आणि संध्याकाळी रिकामा डबा घेऊन परत येत. ओळीतले लोक हसत. जावई सासुरवाडीला जेवायला जातो, हा जेवण घेऊन जातो.

माझी बायको मालती हिला मात्र ते गलेज प्रकरण अजिबात पसंत नव्हतं. मालवणची ती, माशाला नारळ आणि तिरफळ सोडून दुसरं काही लागलं तर तिला तो माशाचा अपमान वाटे. "माशाला मुरंबा?" ती म्हणाली. "गलेज कसलं, गलिच्छ आहे ते." हे तिने दाराशी उभं राहून म्हटलं, आणि भिंत पातळ होती. दुसऱ्या दिवशी डोमाजी वणा नदीतला एक मरळ घेऊन आमच्या दारात.

"वहिनी, तुमची चूल पाह्यजे अर्धा घंटा. पाहून घ्या, मंग गलिच्छ म्हणजा."

मालती ओशाळली, पण चूल दिली. शिवाय तिलाही बघायचं होतंच.

आधी त्यांनी मरळाच्या दोन लांब तुकड्या सोडवल्या. मग डोळे मिटून त्या मांसावरून बोट फिरवायला सुरुवात केली. बोट थांबलं की चिमटा खाली यायचा आणि केसाएवढा काटा वर. पुन्हा बोट. मरळाला काटे तसे फार नसतात, पण डोमाजींनी तो मासा तिसऱ्यांदा तपासला.

"पुरे की हो," मालती म्हणाली. "काटा लागला तर खाणारा काढेल."

"खाणाऱ्याले कळलं तं काढन ना," ते म्हणाले आणि कामाला लागले.

मुरंबा आणि व्हिनेगर कुठून आणणार? त्यांनी आपला सोपा मार्ग शोधला होता. दोन संत्र्यांचा रस, सुपारीएवढा गूळ, ताजी वाटलेली मोहरी, मीठ आणि ठेचलेली लसणाची एक पाकळी. संत्री नसतील त्या दिवसांत चिंचेचा कोळ. हे सगळं मंद आचेवर आटवत ठेवायचं. पळीच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली आणि ती रेघ मिटली नाही की उतरवायचं. मासा तव्यावर आधी नुसता शेकायचा. गलेज शेवटी. "आधी लावलं तं गूळ जयते आन मासा कच्चा राह्यते. लोकायले घाई असते."

मग फेट्यातलं पीस निघालं. ते रोज उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवलेलं असे. खिशात मोडतं म्हणून फेट्यात. त्या पिसाने त्यांनी माशावर पातळ हात फिरवला, थांबले, दुसरा हात, थांबले, तिसरा. मासा पॉलिश केलेल्या शिसवीसारखा झळकायला लागला.

मी घास उचलला, तशी त्यांनी माझं मनगट धरलं.

"नाक दाबा, बाबूजी."

"काय?"

"नाक दाबा आन मंग खा. काय काय लागते ते सांगा."

मी नाक दाबून खाल्लं. विचित्रच प्रकार. लसूण कुठे नाही, माशाचा वास नाही. जिभेवर गोड, मग आंबट, मग मीठ, आणि शेवटी मोहरीचा किंचित झोंबणारा चटका. मी तसं सांगितलं. डोमाजींनी एकेका शब्दावर मान हलवली. "मोहरी पोचली ना नक्की? जिभेवरच पोचली ना?" त्यांनी पुन्हा विचारलं. मग म्हणाले, "आता सोडा नाक." नाक सोडल्यावर तो मासा इतका सुरेख लागला की मी मालतीकडे बघायचं टाळलं. तिने एक तुकडा खाल्ला, मग दुसरा. "वाईट नाही," ती म्हणाली. मालवणात ही मोठी पदवी आहे.

हे नाक दाबायचं खूळ त्यांनी साऱ्या गावाला लावलं होतं. वांगं असो, रताळं असो, गलेज लावलं की पहिला घास नाक दाबून. डाक बंगल्यावर दौऱ्यावर आलेल्या एका बड्या अधिकाऱ्यालाही त्यांनी नम्रपणे नाक दाबायला लावलं आणि त्या भल्या माणसाने टेबलावर चारचौघांत ते दाबलंही. मी कारण विचारलं की ते म्हणत, "चव नाकात नाई, जिभेत पाह्यजे." माझं कुतूहल त्याने अजिबात भागत नसे.

त्यांची एकच इच्छा होती. पुन्हा एकदा सामन करायचा. "मरळ चांगला," ते म्हणत, "पण सामनाची गोठ वेगळी." दर आठवड्याला पार्सलची खिडकी गाठून मुंबईहून बर्फाची पेटी आली का, असं विचारत. आता ती मागवणारं गावात कोणी उरलं नव्हतं. शेवटी मी माझ्या मुंबईच्या मावसभावाला लिहिलं. दिवाळीनंतर, थंडी पडल्यावर, एका शनिवारी दुपारी पेटी उतरली. बर्फाचं बहुतेक पाणी झालं होतं, पण आत रावस ताजा होता. डोमाजींना निरोप गेला. ते आले, पेटीत वाकून पाहिलं. मग दोन्ही हातांनी मासा उचलून, लेकरू उचलावं तसा, घेऊन गेले. तेव्हाच त्यांचे डोळे लाल दिसले होते. मला वाटलं, आनंदाने असतील.

रविवारी सकाळी त्यांचं दार उघडलं नाही. मी आत गेलो. डोमाजी घोंगडीखाली थडथड उडत होते. हिवताप. उशाशी डबा भरून, फडक्यात बांधून ठेवलेला.

"बाबूजी," ते म्हणाले, "एवढा डबा पोचवून द्या. वर्ध्याले."

"सासुरवाडीचा पत्ता सांगा."

त्यांनी डोळे मिटले. "सासुरवाडी नाई जी. महारोग्यायची वसाहत हाय ना गावाबाहेर, तिथं. कौसा म्हणून विचारजा. माही बायको."

त्या काळात त्या रोगाचं नाव घेतलं तरी लोक बाजूला सरकत. मला भीती वाटली, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांनाही ते दिसलं.

"डबा तिच्या हातात देऊ नका, पारावर ठेवजा. तिले समजते," ते म्हणाले. मग पुढे: "नाक गेलं तिचं. वास येत नाई कशाचाच. भाकर मातीवानी लागे तिले, जेवणं सोडलं होतं. मले पत्ता लागला, का जिभेले गोड-आंबट अजून समजते. बोटायले मात्र काटा समजत नाई."

मी डबा उचलला.

गाडीत तो मांडीवर घेऊन बसलो. वसाहत स्वच्छ होती. भाजीचे वाफे, विहीर, कडुनिंबाखाली एक पार. कौसाबाई आल्या आणि दहा हातांवर थांबल्या. नाक बसकं झालेलं, बोटं आखूड, पण लुगडं चापूनचोपून नेसलेलं. मी डबा पारावर ठेवला. त्यांनी माझ्यामागे पाहिलं, फाटकापर्यंत.

"ते नाई आले?"

"ताप आलाय. मी शेजारी त्यांचा."

त्यांनी डब्याला हात लावला नाही. "असंच होते," त्या शांतपणे म्हणाल्या. "हितं साऱ्यायचं असंच झालं. पयले माणूस येते. मंग डबा येते, दुसऱ्याच्या हातून. मंग डबाबी येत नाई. तुमी जा, बाबूजी. त्यायले म्हणा, कौसा रागावली नाई."

रेल्वेत पार्सल पोचवल्याची सही घेतात. इथे माल घेणाराच माल नाकारत होता. मी सुचेल ते बोलत सुटलो. बर्फाची पेटी कशी आली, त्यांनी मासा कसा उचलून नेला. मग नाक दाबण्याची गोष्ट सांगितली. मला दाबायला लावलं, मालतीला लावलं, आणि त्या बड्या अधिकाऱ्याने काटा-चमचा खाली ठेवून, चष्मा सावरत, दोन बोटांत नाक कसं धरलं, ते करून दाखवलं.

कौसाबाई हसल्या. पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मग खाली बसल्या. "साऱ्या गावाले नाक दाबाले लावलं त्यानं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

त्यांनी दोन्ही मनगटांत डबा धरून उघडला. रावसाचे तुकडे उन्हात चमकत होते. एक घास खाल्ला. चावता चावता थांबल्या. दुसरा खाल्ला.

"गूळ दुप्पट पडला," त्या म्हणाल्या. "मीठ नाईच." आणि मग त्यांचा चेहरा एकदम बदलला. "खरंच ताप हाय त्याले. तोंडाची चव गेली त्याच्या, म्हणून समजलं नाई. नाई तं असं नाई करत तो. बाबूजी, कोणी हाय का त्याच्याजवळ? पाणी कोण देऊन राह्यलं त्याले?"

"माझी बायको आहे," मी म्हटलं. मालतीला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं, पण ती पेज घेऊन गेलीच असेल, याची मला खात्री होती. तसंच झालं होतं.

कौसाबाईंनी मग डबा तळापर्यंत खाल्ला, गोडासकट. निघताना मी त्यांना नमस्कार केला. दहा हातांवरूनच केला. त्यापुढे मी गेलो नाही, हे सांगून टाकतो.

संध्याकाळी डोमाजींना मी निरोप दिला, की गूळ जास्त झाला आणि मीठ पडलंच नाही. ते घोंगडीत तोंड घालून पडून राहिले. आतूनच म्हणाले, "डॉक्टर म्हणते, नव्या गोळ्यायनं रोग गेला, घेऊन जा. दीड वरीस झालं. कौसाच येत नाई. म्हणते, खानसाम्याची बायको अशी हाय म्हटल्यावर तुमच्या हातचं कोण खाईल?"

डाक बंगल्यावर काय होईल, ते मलाही माहीत होतं आणि त्यांनाही. मी घरी येऊन मालतीला सगळं सांगितलं. ती भात ढवळत होती. ढवळतच राहिली. ओळीत मात्र आम्ही दोघांनी कुणाला काही सांगितलं नाही. वहिनी माहेरीच आहेत, असं आता आम्हीही म्हणू लागलो.

दोन वर्षांनी डोमाजींनी नोकरी सोडली. अल्लीपूरला त्यांच्या वाट्याचा जमिनीचा तुकडा होता, तिथे दोन खोल्या बांधल्या आणि कौसाबाईंना घेऊन आले. गावाने विहिरीवरून कुरकुर केली, तर त्यांनी आपली विहीर खणली. माझी बदली ठरली तेव्हा आम्ही निरोप घ्यायला गेलो. वाटेत मी मालतीला म्हटलं, "तुला नको वाटलं तर उपास आहे म्हण."

ती पुढे चालू लागली.

स्वयंपाक कौसाबाईंनी केला होता. ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, वरण, आणि आमच्यासाठी मुद्दाम भात. वाढायला त्याच आल्या. डोमाजी आमच्यासोबत पाटावर बसले होते, पण त्यांचा हात ताटाला लागत नव्हता. ते मालतीच्या हाताकडे बघत होते. मीही बघत होतो.

मालतीने भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि तोंडात घातला. सावकाश चावला. मग मान वर करून, आमच्या घरी मला सांगते त्याच आवाजात म्हणाली, "वहिनी, भाजीत मीठ कमी आहे हो."

कौसाबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. डोमाजींनी तोंड दाराकडे वळवलं. नऊ वर्षांत त्या बाईच्या हातच्या जेवणाला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

"आणते ना, आणते," कौसाबाई म्हणाल्या आणि मीठ आणायला लगबगीने आत गेल्या.