सड्यावरचा गुलाबी फेटा

आटपाडीपासून पाटणपर्यंत माझ्यासारखा गुप्तहेर दुसरा नाही. मी बिरदेव. आजवर सतरा हरवलेल्या मेंढ्यांचा छडा लावला. त्यांतल्या चौदा आपणहून परत आल्या, पण तपास माझाच.

त्या दिवशी पाटणला नात प्रांजलचा साखरपुडा होता, साडेबाराला. फोटोसाठी तिनं जीप सडावाघापूरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, कड्यापाशी थांबवायला लावली. वारं असं की पवनचक्क्यांना चक्कर यावी. आमच्या जीपला मागं नुसती ताडपत्री, तीही फडफडत. फोटो झाले आणि बघतो तर व्याही हंबीररावांना बांधायचा गुलाबी फेटा गायब! व्याह्याला बोडकं बसवलं तर तो ते नातवंडांपर्यंत काढत राहणार.

मी एका सपाट दगडावर बसून तपास मांडला. "कुणी हलायचं न्हाई!" पवनचक्क्यांनी ऐकलं नाही.

पहिला संशय कणसं भाजणाऱ्या सोनमवर. तिच्या डोक्याला गुलाबी फडकं होतं.

"आजोबा, फेटा नऊ मीटर असतोय. ह्यात माजं कानबी झाकंनात."

मग वारा. इथलं वारं दरीत टाकलेलं वर फेकतं म्हणतात. खात्री करायला मी डावी चप्पल दरीत भिरकावली. परत आली नाही.

"चोर दरीतच हाय," मी म्हणालो. "अन् आता चपलाबी गोळा करतोय."

"आजोबा, अकरा वाजलं!" प्रांजल रडकुंडीला आली.

शेवटी मी धुळीतले ठसे वाचले. जीपपासून निघून माझ्या दगडापाशी थांबलेले. "डाव्या टाचंला झिजलेली चप्पल. तसली चप्पल ज्याची, त्यो चोर!"

माझी बायको अंजना माझ्या अनवाणी डाव्या पायाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "उठा."

"तपास चाललाय."

"आवं, उठा म्हंते न्हवं!"

उठलो. तिनं दगड उचलला. खाली फेटा, घडी घातलेला.

"चाळीस वर्सं मेंढरामागं हिंडला. वारं सुटलं की घोंगडं दगडाखाली. आज फेटा ठिवला, अन् वर सोताच बसलाय."

साडेबाराला हंबीररावांनी फेट्यावरून हात फिरवला. "पावणं, इस्त्री लय कडक हाय. कुठं केली?"

अंजनानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"घरचीच हाय," ती म्हणाली. "जरा जड हाय, पर चालतीया."